अकरा नंबर

१२ जून, बुधवार

नातीच्या हाताचं माप घेतलं. डावा हात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. दोन्ही मधल्या पेरापासून नाहीत. शाळेच्या लोखंडी फाटकात गेली, त्याला आठ महिने झाले. जखम भरली आहे. दाबल्यावर दुखत नाही म्हणते.

ती सात वर्षांची आहे. घरात सगळे तिला ठकी म्हणतात. आठ महिने तिचा डावा हात खिशात आहे. माझी मुलगी तिचा प्रत्येक फ्रॉक शिवायला टाकताना डावीकडे खिसा मागून घेते. जेवतानासुद्धा हात बाहेर येत नाही. पोळी तोडायची तर आई तोडून देते. शाळा चोवीस तारखेला सुरू होते. ठकीने सांगून टाकलं आहे, बोटं आली तर जाईन.

बत्तीस वर्षं मी इस्पितळाच्या केंद्रात कृत्रिम बोटांना, कानांना, नाकांना रंग देतो. आता घरचं काम आलं. साचा करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मास्तर, हे दुसऱ्या कुणाला द्या. घरच्या माणसावर हात चालत नाही."

मी म्हटलं, "दुसरं आहे कोण?"

ते खरं आहे. दुसरं कोणी नाही.

१५ जून, शनिवार

रंग ठरवला.

आमच्याकडे रंग ठरवायची एक रीत आहे. खोलीच्या मधोमध करडा पडदा आहे, त्याला एक भोक. पलीकडे माणूस बसतो आणि हात भोकातून इकडे देतो. मला फक्त हात दिसतो. कान किंवा नाक असेल तर पडद्याची दुसरी फट आहे, तिच्यातून तेवढाच भाग दिसतो. गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तोंड बघायचं नाही. तोंड बघितलं की नंबर बदलतो. का बदलतो ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नंबर म्हणजे चकत्यांचे. वीस चकत्या आहेत, एक सगळ्यात उजळ, वीस सगळ्यात गडद. खिडकीशी दहा ते अकराच्या उजेडात चकती कातडीला लावायची. मग ट्यूबलाइटखाली. मग बल्बखाली. तिन्हीकडे जुळली तर तो नंबर. त्यानुसार सिलिकॉनमध्ये रंग घालायचा. एकदा भट्टीत गेलं की बदल नाही.

पुष्कळ लोक एक-दोन नंबर उजळ मागतात. बायका मागतात, पुरुष जास्त मागतात. मी देत नाही. बोट हातावर बसायचं असतं, मनावर नाही.

ठकीला पडद्यामागे कशाला बसवायचं? ती माझ्या मांडीवर बसली. खिशातून हात काढायलाच अर्धा तास गेला. मी तिला चकत्या मोजायला दिल्या, तेव्हा कुठे विसरली. तोंड अगदी तिच्या आईचं. म्हणजे माझं. हनुवटी, भुवया, सगळं आमच्याकडचं.

अकरा नंबर.

बाई प्लास्टरचे हात पुसत आल्या, वाकून बघितलं. "मला चौदा वाटतं हो, मास्तर."

"बाई, साचा तुमचा, रंग माझा."

"मग राहिलं. आपला तो बाब्या."

त्या असं काहीतरी बोलतच असतात.

२१ जून, शुक्रवार

बोटं बसवली. पेरापर्यंत टोपीसारखी चढतात. नखं इतकी चांगली झाली की ठकी उजव्या हाताची नखं त्यांच्याशी जुळवत बसली. तिने हात टेबलावर ठेवला. काढला नाही. चहा होईपर्यंत तिथेच होता.

मुलीने तो हात धरून खिडकीशी नेला. बराच वेळ बघितलं.

"बाबा, जरा उजळ नाहीत का?"

"नवीन आहेत. वापरून बसतील."

सिलिकॉनचा रंग वापरून बसत नाही. मला हे माहीत आहे. घाईत तोंडातून गेलं.

जावई म्हणाला, "छान झालीत." तो नेहमीच छान म्हणतो.

२४ जून, सोमवार

ठकी शाळेत गेली. संध्याकाळी मुद्दाम त्यांच्याकडे डोकावलो. मुलांनी विचारलं म्हणे, ही कुणाची बोटं? ठकीने सांगितलं, माझ्या आजोबांची.

मला फार बरं वाटलं. येताना स्वतःसाठी पाव आणि थोडं लोणी घेतलं. ही गेल्यापासून असं काही आणलं नव्हतं.

१ जुलै, सोमवार

मुलगी कामावरून परस्पर माझ्याकडे आली. चप्पल काढली नाही. दारातच उभी राहिली.

ठकीचा हात परत खिशात गेला आहे. आता वर्गात तिला कोणी काही विचारत नाही, उलट मुलं तिच्याशी चांगली वागतात. फक्त कोणी तिला म्हणालं, ही दोन बोटं चांगली आहेत, बाकीची का नाहीत? शनिवारी ती मोरीत बाकीची तीन बोटं घासत होती. ब्रशने.

मी म्हटलं, "मुलं काय, काहीही बोलतात."

"मुलांचं सोडा. तुम्ही तिच्या हाताकडे बघितलंत का बाबा, नीट?"

"बत्तीस वर्षं मी दुसरं काय करतो?"

"मग डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंयत तुम्ही."

तिने पाणीही घेतलं नाही. जाताना दार हळूच लावलं. तिने आपटायला हवं होतं.

दुसरी बोटं करायची ठरवली आहेत.

३ जुलै, बुधवार

मुलीच्या बोलण्याचा रोख मला कळतो. म्हणून लिहून ठेवतो.

जावई पलीकडचा आहे. नदीपलीकडच्या वस्त्यांतले लोक आमच्याहून गडद असतात. लग्नाच्या वेळी मी एका शब्दाने विरोध केला नाही. माझ्या भावाने केला, मी नाही. रंग हे माझं काम आहे, मत नाही.

लग्नाआधी वर्षभर तो फोनवर बोलायचा. मुलगी घरी नसली की माझ्याशी. आवाज खोल आणि स्वच्छ. शब्द खात नाही. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो, पण बोलणं एखाद्या प्राध्यापकासारखं. मी मनात त्याला एक चेहरा देऊन ठेवला होता. एका रविवारी बेल वाजली. दार उघडलं, तर एक माणूस उभा. मी विचारलं, "कुणाकडे आलात? मीटर खाली आहेत."

तो म्हणाला, "बाबा, मीच."

आवाज तोच होता. मी त्याच्या मागे बघितलं, आणखी कोणी आहे का.

हा किस्सा तो अजून सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो. शेवटी तो म्हणतो, "मीटर मात्र मी बघून आलो." मुलगी मात्र त्या वेळी उठून आत जाते.

९ जुलै, मंगळवार

दुसरी बोटं झाली. या वेळी खिडकी, ट्यूब, बल्ब, तिन्ही उजेडांत दोनदा बघितलं. ठकी समोरच्या स्टुलावर होती. हात दे म्हटलं की देत होती, पण माझ्या तोंडाकडे बघत होती. मीही बघत होतो.

अकराच येतं. मी बारा धरला.

भट्टीतून निघाल्यावर बाईंनी बोट तळहातावर घेतलं आणि काही बोलल्या नाहीत. बाई बोलल्या नाहीत म्हणजे काय ते मला कळतं. मग म्हणाल्या, "डोळे तपासलेत कधी, मास्तर?"

"चष्मा आहे की."

"चष्मा नाही. डोळे."

१३ जुलै, शनिवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात जास्त.

लिहायला नको, पण मला इतका हलकेपणा कित्येक दिवसांत वाटला नव्हता. जिन्यावर मी जवळजवळ हसलो.

जावई सोबत आला होता, त्याने अर्धा दिवस रजा काढली. डॉक्टर तरुण होता, बरंच काही सांगत होता. डोळ्यातली काच पिवळी पडते, निळा दिसत नाही, सगळं चहातून बघितल्यासारखं. जावयाने एकच प्रश्न विचारला. उजळ कुठलं आणि गडद कुठलं, हेही कळत नाही का? दोन वस्तू शेजारी धरल्या तर?

डॉक्टर म्हणाला, "ते कळतं. दोन्ही एकाच काचेतून दिसतात ना."

मग ऑपरेशनची तारीख आणि थेंबांचं बोलणं झालं. आधी उजवा. जावयाने सगळं लिहून घेतलं. रिक्षातून उतरल्यावर त्याने माझा दंड धरला. पायरी होती.

१४ जुलै, रविवार

मुलीला सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि रडली. "मी काय काय बोलले तुम्हाला," म्हणाली. "मोतीबिंदू होता आणि मी काय काय बोलले."

"असू दे गं."

"मला वाटलं..." तिने पुढचं म्हटलं नाही. मी विचारलं नाही.

जावई चहा गाळत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. त्याने ठकीला बोलावून सांगितलं, आजोबांच्या डोळ्यात ढग आलाय, तो काढला की ते तुझी बोटं बरोबर करतील. ठकीने जवळ येऊन माझ्या डोळ्यात बघितलं. "दिसत नाही ढग," म्हणाली.

"आतून आहे तो," जावई म्हणाला.

दुसरी बोटंही तिने डबीत ठेवून दिली आहेत. ऑपरेशन होईपर्यंत हात खिशात.

२ ऑगस्ट, शुक्रवार

परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हे डाव्या डोळ्याने लिहितो आहे, ओळी वर जात असतील.

मुलीकडे राहतो आहे. थेंब चार-चार तासांनी. मुलगी कामावर असते तेव्हा जावई घालतो, त्याची या आठवड्यात दुपारनंतरची पाळी आहे. डाव्यालाही पाणी येतं म्हणून दिवसभर दोन्ही डोळे मिटून पडतो. घरातले आवाज वेगळेच लागतात. मुलीचं पाऊल टाचेवर पडतं, आईसारखं. ठकी पळते तेव्हा उजवा हात भिंतीला घासत नेते. डाव्या हाताचा आवाज नाही.

जावई आला की आधी साबणाचा वास येतो, मग त्याखाली ग्रीसचा. कितीही धुतलं तरी राहतो म्हणतो. "बिल्डिंगीत शिरलो की वॉचमन आधी नाकाने ओळखतो, मग डोळ्याने. नाकाने ओळखलं की आत सोडतो."

मी विचारलं, "आणि डोळ्याने?"

"डोळ्याने ओळखलं की वही पुढे करतो, सही करा म्हणतो." हसला. "डोकं जरा मागे घ्या, बाबा."

त्याने पापणी दोन बोटांनी उघडली. हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मला असा जावई मिळाला, हे मी डोळे मिटून पडल्यावर मनात म्हणालो. फोनवर होता तोच माणूस.

काल सकाळी पहिल्यांदा पट्टी काढली, तेव्हा तोच समोर होता. निळा शर्ट घातला होता, असा निळा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. त्याचा चेहरा बघून माझी मान किंचित मागे गेली. उजेडामुळे असेल. त्याने बघितलं. बाटलीचं झाकण लावत म्हणाला, "सवय होईल हळूहळू."

१२ ऑगस्ट, सोमवार

कामावर गेलो.

स्वच्छ दिसतं आहे. माझ्या टेबलाची जी अवस्था आहे ती बघून लाज वाटली. बाई म्हणाल्या, "आता आमच्या सुरकुत्या मोजू नका म्हणजे झालं."

मुलीकडून डबी आणली होती. दोन्ही जोड्या खिडकीशी ठेवल्या. खूप उजळ आहेत. लहान मुलालासुद्धा कळेल. मी त्यांच्याकडे बघत होतो, आणि टेबलावर माझा हात होता. माझा हात आणि ती बोटं. वेगळं करता येईना.

मग कामाची वही काढली. दुसऱ्या जोडीच्या पानावर बारा नंबरचं मिश्रण लिहिलं आहे, बरोबर आहे. त्याखाली माझ्याच अक्षरात: पांढरा, आणखी तीन थेंब.

मला हे थेंब घातल्याचं आठवत नाही. कशासाठी घातले तेही नाही. थेंब मोजून टाकायला डोळ्यात काच कशी आहे याने काही फरक पडत नाही. पांढऱ्याची बाटली पांढरीच दिसते.

डॉक्टरांना विचारायला हवं, असं मनात आलं. मग आठवलं, जावयाने विचारलं होतं.

वही बंद केली. पान फाडणार होतो. पानांना नंबर असतात.

१४ ऑगस्ट, बुधवार

बाईंना म्हटलं, "ठकीला आणतायत उद्या, शाळेला सुट्टी आहे. तिला पडद्यामागे बसवा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "बसवते."

"आणि मला सांगू नका, कुणाचा हात आहे. आधी दुसरे दोन-तीन द्या. मधे कधीतरी तिचा द्या."

"मास्तर, बोटं नसलेला लहान डावा हात काय इथे दहा जण घेऊन येतात?"

"उजवा द्या मग. दोन्ही हात एकाच रंगाचे असतात."

"उजवा देते." जरा थांबून म्हणाल्या, "चार पोरं लागतील त्याला. आणते वॉर्डातून."

१५ ऑगस्ट, गुरुवार

पडद्यातून एकामागून एक चार हात आले. सगळे लहान, सगळे उजवे. एकाने माझं बोट पकडायचा प्रयत्न केला. बाई पलीकडून म्हणाल्या, "सोड रे त्यांना."

आठ. सोळा. चौदा. नऊ.

एकेका हाताला अर्धं मिनिटही लागलं नाही. तिन्ही उजेडांत जुळले. बत्तीस वर्षं जमलं तसंच जमलं.

चौदा ठकीचा होता. तो हात कुणाचाच नव्हता तेवढा वेळ मला बरोबर दिसला.

बाईंनी मिश्रण माझ्यासमोर केलं. मी सांगत गेलो, त्या घालत गेल्या. पांढऱ्याची बाटली त्यांनी आपल्या बाजूला ठेवली होती.

२० ऑगस्ट, मंगळवार

भट्टीतून निघाली. चांगली झाली आहेत. इतकी की त्यांच्याकडे बघावंसं वाटत नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

रविवारी केंद्र बंद असतं. किल्ली माझ्याकडे आहे. मुलगी, जावई आणि ठकी तिघं आली. बोटं चढवली. ठकीने हात वर केला, पालथा केला, परत सरळ केला. कुठे हात संपतो आणि कुठे बोट सुरू होतं ते तिलाही शोधावं लागलं. मुलीने तिचा हात आपल्या गालाला लावला. मग तोंड धुवायला म्हणून बाहेर गेली.

ठकी खोलीभर हिंडली. डाव्या हाताने ड्रॉवर उघडले, डाव्या हाताने पडदा हलवला. भोकातून हात घालून मला टाटा केला. खिशात हात नव्हता. यासाठीच सगळं होतं, आणि ते झालं. इथे थांबलो असतो तर बरं होतं.

ती चकत्यांचा डबा घेऊन माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"आजोबा, आता ढग गेला ना?"

"गेला."

"सगळं बरोबर दिसतं?"

"दिसतं."

"मग सांगा, माझा नंबर कुठला?"

ती अगदी समोर होती. माझी हनुवटी, माझ्या भुवया. डोळा स्वच्छ होता. खिडकीतून उजेड तिच्या गालावर पडला होता आणि गाल मला जसा आहे तसा दिसत होता. चौदा. शंकाच नव्हती.

"अकरा," मी म्हणालो.

जावई खिडकीशी उभा होता. त्याने मान वळवली नाही.

ठकीने डब्यातून अकराची चकती शोधली. मी शिकवलं होतं तशी दोन बोटांत धरली आणि डाव्या हातावर टेकवली. बघितली. तिरकी करून बघितली. मग मनगटावर लावून बघितली. बाहेर नळ वाहत होता.

"आजोबा, हे नाही जुळत."

मी म्हटलं, "उजेड कमी आहे."

ती थांबली. चकती तशीच हातावर धरून तिने बापाकडे बघितलं.

जावई खिडकीपासून निघाला, खोली ओलांडून भिंतीशी गेला आणि त्याने दिवा लावला. भर दुपारी.